क्ष-किरणांचे जनक राँटगेन

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंच्या मोत्याला रिक्षाचा धक्का लागला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. काकू व आम्ही त्याला पोत्यावर निजवून एका पशुचिकित्सालयात घेऊन गेलो. तेथे त्याच्या पायाचे क्ष-किरण चित्र काढावयाचे ठरले. मोत्या वेदनेने कळवळत होता आणि परक्या माणसास जवळ येऊ देत नव्हता. तेव्हा काकूंनीच त्याचा पंजा ताणून धरावा, असे तेथील मनुष्याने सांगितले, आणि काकूंनी तो धरला. थोड्या वेळाने चित्र आमच्या हाती आले. मोत्याच्या पायातील दोन हाडे व त्यांतून गेलेली तिरपी भेग त्यात स्वच्छ दिसत होती. परंतु चित्राच्या कडेस आणखीही काही उमटले होते. मनुष्याच्या दोन बोटांची हाडे, आणि त्यांपैकी एका बोटात अंगठी.

ते पाहून आम्हांस दुसऱ्या एका चित्राचे स्मरण झाले. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग नगरात २२ डिसेंबर १८९५ रोजी ते काढलेले आहे. त्यातही एका गृहिणीच्या हाताची हाडे आहेत आणि बोटात अंगठी आहे. त्या गृहिणीच्या पतीचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांस सांगावे, असे आम्ही त्याच दिवशी मनाशी योजिले.

विल्हेल्म कोनराट राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप ह्या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. विल्हेल्म त्यांचा एकुलता एक मुलगा. तो तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमधील अपेलडोर्न येथे जाऊन राहिले. शाळेत त्याने विशेष चमक दाखविल्याचे कोणी लिहून ठेवलेले नाही. रानावनांतून भटकावे आणि आपल्या हातांनी लहानमोठी यंत्रे जुळवावीत, ह्या दोन गोष्टींची मात्र त्यास मनापासून आवड होती, आणि ती जन्मभर टिकली.

१८६२ साली तो उट्रेख्ट येथील तंत्रशाळेत दाखल झाला. तेथे एक प्रसंग घडला. वर्गातील कोणा विद्यार्थ्याने एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. विल्हेल्म ते पाहून हसत असतानाच शिक्षक वर्गात आले. चित्र कोणी काढले, हे त्यास विचारण्यात आले. चित्र त्याचे नव्हते. पण ज्याचे होते त्याचे नाव त्याने सांगितले नाही. पुन्हा विचारले, तरीही सांगितले नाही. अखेर त्यासच शाळेतून काढून टाकण्यात आले. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे ह्या प्रसंगी कोणाची बाजू घ्यावी, असा आम्हांस मोठाच पेच पडतो. तरीही एवढे म्हटलेच पाहिजे की, त्या शाळेने चित्रकारास सोडले आणि भलत्याच मुलास शिक्षा केली.

ह्या शिक्षेचे परिणाम दीर्घकाळ पुरले. शाळेचा दाखला नाही म्हणून हॉलंडमधील विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळेना. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथील तंत्रविद्यालय असा दाखला नसलेल्या विद्यार्थ्यांसही घेते असे कळल्यावर १८६५ साली विल्हेल्म तेथे गेला, यंत्रशास्त्र शिकला, आणि १८६९ साली वायूंवरील प्रबंधासाठी त्यास डॉक्टर ही पदवी मिळाली. तेथेच आउगुस्ट कुंट ह्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांची त्यावर दृष्टी गेली. कुंट व्युर्त्सबुर्ग येथे गेले तेव्हा तरुण राँटगेन त्यांचे साहाय्यक म्हणून बरोबर गेले. परंतु पदवी असूनही त्या विद्यापीठाने त्यांस अध्यापनाचा अधिकार दिला नाही. शाळेचा तोच न मिळालेला दाखला पुन्हा आड आला. पुढे स्ट्रासबुर्ग येथे हा अडसर दूर झाला. १८७५ साली होहेनहाइम येथील कृषिविद्यालयात, नंतर पुन्हा स्ट्रासबुर्ग व गीसेन येथे प्राध्यापकी करून १८८८ साली राँटगेन व्युर्त्सबुर्गला परत आले, ते पदार्थविज्ञानाचे मुख्य प्राध्यापक म्हणून. १८९४ साली ते त्याच विद्यापीठाचे प्रमुख निवडले गेले.

१८७२ साली त्यांचा विवाह झुरिक येथील बेर्टा लुडविग यांच्याशी झाला होता. त्यांस अपत्य नव्हते. बेर्टाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्यांनी १८८७ साली आपल्या घरी आणली व पुढे तिला दत्तक घेतले. राँटगेन अबोल, काहीसे संकोची होते. प्रयोगाची उपकरणे शक्य तो स्वतःच्या हातांनी करीत आणि प्रयोगही एकट्यानेच करणे त्यांस आवडे.

आता ८ नोव्हेंबर १८९५ ह्या शुक्रवारच्या संध्याकाळकडे वळू. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नलिकेतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे तिच्या ऋण टोकाकडून एक प्रकारचे किरण निघतात, हे त्या वेळच्या शास्त्रज्ञांस ठाऊक होते, आणि अनेक जण त्यांचा अभ्यास करीत होते. राँटगेन यांनी ती नलिका काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली होती व खोली अंधारी केली होती. प्रवाह सुरू करताच काही अंतरावर पडलेला एक कागदी पडदा हिरवट तेजाने चमकू लागला. त्या पडद्यास बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला होता. नलिकेतील ज्ञात किरण हवेत काही सेंटिमीटरपलीकडे पोचत नाहीत. पडदा त्याच्या कितीतरी पलीकडे होता. मग तो चमकला कशाने?

दुसरा कोणी असता तर हा शोध त्याने दुसऱ्याच दिवशी जगजाहीर केला असता. राँटगेन यांनी सुमारे सात आठवडे कोणास काही सांगितले नाही. त्यांचे बिऱ्हाड प्रयोगशाळेच्याच इमारतीत वर होते. तरीही जेवणखाण व झोप कित्येकदा खालीच होई. नलिका आणि पडदा यांच्यामध्ये ते एकेक वस्तू धरून पाहत. हजार पानांचा जाडजूड ग्रंथ धरला, तरी त्यापलीकडे पडदा चमकतच राहिला. पत्त्यांचे दोन जोड धरले, लाकडाची फळी धरली, तरी तेच. १५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमने किरण बरेच क्षीण झाले, परंतु नाहीसे झाले नाहीत. शिशाचा पत्रा मात्र अवघा दीड मिलिमीटर जाडीचा असूनही त्यांस जवळजवळ पूर्णपणे अडवीत होता. आणि मध्ये स्वतःचा हात धरला तेव्हा मांसाच्या फिकट छायेत हाडांची गडद छाया पडद्यावर उभी राहिली.

२२ डिसेंबरला त्यांनी पत्नीस खाली बोलावून तिचा हात छायाचित्राच्या काचेवर सुमारे पंधरा मिनिटे ठेवविला. ते चित्र पाहून बेर्टाबाईंस आपला मृत्यूच समोर पाहिल्यासारखे वाटले, असे सांगतात. २८ डिसेंबर रोजी राँटगेन यांनी आपला लेख व्युर्त्सबुर्गच्या शास्त्रीय मंडळास दिला, आणि १८९६ च्या वर्षारंभी त्याच्या प्रती चित्रांसह निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांस धाडल्या. बीजगणितात अज्ञात संख्येस जे अक्षर देतात, तेच त्यांनी ह्या अज्ञात किरणांस दिले. आपल्याकडे त्या अक्षराच्या जागी 'क्ष' असल्यामुळे आपण त्यांस क्ष-किरण म्हणतो. २३ जानेवारीस त्यांनी व्युर्त्सबुर्ग येथे जाहीर व्याख्यान दिले, तेथे वृद्ध शरीरशास्त्रज्ञ क्योलिकर यांच्या हाताचे चित्र सर्वांसमक्ष काढले, आणि किरणांस राँटगेन यांचेच नाव द्यावे अशी सूचना क्योलिकर यांनी तेथेच मांडली. स्वतः राँटगेन मात्र अखेरपर्यंत क्ष-किरण हाच शब्द वापरीत राहिले.

येथे एका पेटीची हकीकत सांगणे अवश्य आहे. मार्च १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखात राँटगेन यांनी तिचे वर्णन केले आहे. जस्ताचे पत्रे डाखून ही पेटी केलेली होती, आणि ती इतकी मोठी होती की, आपल्या उपकरणांसह ते स्वतः आत उभे राहू शकत. नलिका पेटीच्या बाहेर असे. तिच्या बाजूच्या भिंतीचा बहुतेक भाग शिशाने मढविलेला होता व त्यात केवळ चार सेंटिमीटर रुंदीचे एक भोक ठेवून ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने बंद केले होते. ही व्यवस्था त्यांनी जिवाच्या भीतीने केली नव्हती. नलिकेभोवतीच्या विद्युत्शक्तीचा आतील प्रयोगांस उपसर्ग होऊ नये, एवढाच हेतू होता. किरणांपासून अपाय होतो हे तेव्हा त्यांसही ठाऊक नव्हते. परंतु ह्या शिशाच्या भिंतीने त्यांच्या प्रयोगांबरोबर त्यांचे शरीरही राखले.

जगाने किरण घेतले, शिसे घेतले नाही. राँटगेन यांनी शोधाचे एकस्व घेतले नव्हते. ज्ञान सर्वांचे आहे ह्या समजुतीने त्यांनी ते मोकळे सोडले. त्यामुळे नलिका व विद्युत्-वेटोळे ज्याच्याजवळ असेल तो किरण काढू लागला. डॉक्टरांनी ते शरीरात रुतलेल्या गोळ्या व सुया शोधण्यासाठी लावले. जत्रांतून व प्रदर्शनांतून लोक आपल्या हाताची हाडे पाहण्यासाठी रांगा लावू लागले. नलिका नीट चालते की नाही, हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तिच्यापुढे आपला हात धरून पाहणे. चालविणारे ते रोज, दिवसातून अनेकदा करीत. काही महिन्यांतच त्वचा भाजल्याच्या व केस गळल्याच्या वार्ता येऊ लागल्या. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरन्स डॅली यांच्या हातांवरील व्रण भरेनात. ते कर्करोगात पालटले. दोन्ही हात कापावे लागले, तरीही ते १९०४ साली मरण पावले. एडिसन यांनी धसका घेऊन क्ष-किरणांचे काम सोडून दिले. हांबुर्ग येथे १९३६ साली अशा मृतांचे स्मारक उभारण्यात आले, तेव्हा त्यावर दीडशेहून अधिक नावे होती.

हे किरण शरीरात शिरले म्हणजे पेशींतील अणूंपासून इलेक्ट्रॉन उखडून काढतात, आणि ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांस अधिक इजा होते. त्या क्षणी काहीही जाणवत नाही, हाच त्यांतील मोठा धोका आहे. विस्तवाला हात लावणारा तत्काळ हात मागे घेतो. येथे तसे होत नाही. पुष्कळ मुलांचा असा समज असतो की, यंत्र बंद केल्यावरही किरण खोलीत रेंगाळत राहतात. तसे नाही. कळ दाबलेली असते तेवढाच वेळ किरण असतात. नलिकेत जोराने धावणारे इलेक्ट्रॉन धातूच्या तबकडीवर आदळतात, त्यांची बहुतेक सर्व शक्ती उष्णतेत जाते आणि शंभरातील जेमतेम एक भाग क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. प्रवाह थांबला की किरणही संपले.

माणसांपाठोपाठ जनावरांचीही पाळी लवकरच आली. १८९६ सालीच बर्लिन व लंडन येथील पशुवैद्यांनी हे किरण आपल्या विद्येत वापरून पाहिले. जनावर आपला आजार सांगू शकत नाही, तेव्हा पशुवैद्यास ह्या विद्येचे मोल अधिकच. परंतु येथे एक अडचण होती, जी माणसांच्या डॉक्टरास नव्हती. बेर्टाबाईंनी आपला हात पंधरा मिनिटे स्थिर ठेवला. घोड्यास किंवा कुत्र्यास तसे कोण सांगणार? कोणीतरी त्यास धरावयाचे, हाच सोपा उपाय होता, आणि जो धरी त्याचा हात किरणांत जाई. आज चित्र सेकंदाच्या अल्प भागात निघते, तरी मोत्याच्या चित्रात काकूंची बोटे आलीच.

ह्या प्रकाराने आम्ही अस्वस्थ झालो होतो. म्हणून पशुवैद्यक शिकलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गाठ घेतली. त्याने सांगितलेले येथे देतो. कुत्र्यास आधी शामक औषध टोचावे. मोडलेल्या पायाच्या जनावरास त्याने वेदनाही कमी होते. मग वाळूच्या पिशव्या, फोमच्या उशा, चिकटपट्टी व सुती दोरी यांच्या साहाय्याने त्यास मेजावर ठेवावे. किरणांचा झोत शिशाच्या झडपांनी आखून हव्या तेवढ्याच भागावर पाडावा. पायाची जाडी मापून विजेचा दाब ठरवावा. तो वाढला म्हणजे किरण अधिक खोल जातात, आणि प्रवाह व वेळ वाढविला म्हणजे त्यांची संख्या वाढते. दाब चुकला तर चित्र वाया जाते आणि पुन्हा काढावे लागते, म्हणजे सर्वांच्या वाट्यास किरण दुप्पट येतात. एकाच बाजूने काढलेल्या चित्रावर विसंबू नये; दुसरे चित्र त्याच्याशी काटकोनात काढावे, कारण एका बाजूने न दिसणारी भेग दुसऱ्या बाजूने दिसते. कोणता पाय डावा, कोणता उजवा, ह्याची शिशाची खूण चित्रात उमटलीच पाहिजे. आणि कळ दाबण्यापूर्वी सर्वांनी खोलीबाहेर किंवा शिशाच्या आडभिंतीमागे जावे.

जाणे शक्यच नसेल तर? घोड्याचा पाय धरताना कधीकधी माणूस लागतोच. तेव्हा त्याने शिशाचा अंगरखा व हातमोजे घालावेत, पण हातमोजा घातलेला हातही प्रत्यक्ष झोतात नेऊ नये. हे ऐकून आम्हांस आश्चर्य वाटले. त्याने समजावून सांगितले की, अंगरखा व मोजे यांतील शिसे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते; जनावराच्या अंगावरून इतस्ततः उधळलेल्या दुर्बल किरणांपुरते ते पुरेसे, मुख्य झोतापुढे नव्हे. राँटगेन यांचा पत्रा दीड मिलिमीटरचा होता, हे आम्हांस आठवले. पत्र्याहूनही स्वस्त संरक्षण म्हणजे अंतर. एक मीटरवरून दोन मीटरवर गेले की किरण चौथाई होतात, तीन मीटरवर नवव्या हिश्शाइतके. म्हणून घोड्याच्या पायामागे धरावयाची पाटी लांब दांड्याची असते. गरोदर स्त्रिया व अठरा वर्षांखालील मुले यांस ह्या कामी कधीही लावू नये. नित्य काम करणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो. भारतात अशा मनुष्यास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० मिलिसीव्हर्टहून अधिक किरण मिळू नयेत, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे, आणि सर्वसामान्य जनांसाठी हे प्रमाण अवघे १ आहे.

काकूंस त्या एका चित्राने काही अपाय होण्याचा संभव फारच थोडा, असेही तो म्हणाला. त्यास चिंता होती ती त्यांची नव्हे. जो नोकर रोज दहा कुत्री उघड्या हातांनी धरतो, त्याची होती.

राँटगेन यांच्या उत्तरायुष्यात शोधांची अशी गडबड पुन्हा झाली नाही. १९०० साली ते म्युनिक येथे गेले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. ते घेण्यासाठी स्टॉकहोमला गेले, परंतु व्याख्यान दिले नाही. पारितोषिकाची रक्कम त्यांनी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठास संशोधनासाठी दिली. बव्हेरियाच्या राजाकडून आलेले सरदारकीचे बिरुद त्यांनी नम्रपणे नाकारले. उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या पर्वतांत फिरावे आणि वाइलहाइम येथील आपल्या घराभोवती शिकार करावी, हा त्यांचा विरंगुळा. आपल्या शिकारी बंदुकीचेही त्यांनी क्ष-किरण चित्र काढले होते, आणि त्यात नळीतील काडतुसे दिसतात. महायुद्धात त्यांनी आपल्याजवळचे सोने, एक सुवर्णपदकही, राष्ट्रकार्यास दिले. बेर्टाबाई अनेक वर्षे आजारी होत्या. त्यांच्या वेदना शमविणारी औषधे ते स्वतःच्या हाताने टोचीत. १९१९ साली त्या निवर्तल्या. युद्धानंतर जर्मनीतील चलनाचे मोल मातीमोल झाले आणि राँटगेन यांची पुंजीही त्यात गेली.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले. हा रोग किरणांमुळे झाला असे जाणकार मानीत नाहीत. त्यांनी किरणांवर काम केले तो काळ थोडा होता, आणि त्यातही शिशाची भिंत मध्ये होती. त्यांच्या इच्छेनुसार बहुतेक खाजगी कागदपत्रे जाळण्यात आली. गीसेन येथे आईवडील व पत्नी यांच्याशेजारी त्यांस चिरविश्रांती मिळाली. १९२८ साली किरण मोजण्याच्या एककास 'राँटगेन' हे नाव देण्यात आले. किती किरण सोसावेत, ह्याचे माप पुढे अनेक वर्षे त्यांच्याच नावाने होत असे.

सहा आठवड्यांनी मोत्याचा पाय जुळला की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा चित्र काढावयाचे होते. ह्या वेळी आम्ही आमच्या विद्यार्थ्याने सुचविलेल्या ठिकाणी गेलो. मोत्यास सुई टोचली, तो पेंगुळला, त्याच्या पायाच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवल्या, आणि आम्हां सर्वांस दाराबाहेर काढण्यात आले. काकू दाराच्या काचेतून आत पाहत होत्या. ती काच शिसे मिसळलेली असते, हे त्यांस तेथेच कळले. हाड उत्तम जुळले आहे. मोत्या अजून किंचित लंगडतो, विशेषतः कोणी पाहत असेल तेव्हा.